निवडुंगाच्या माळावरचे गाव : लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांची वाडी

पुणे-मिरज लोहमार्गावर ताकारीच्या पुढे किर्लोस्करवाडी नावाचे स्थानक लागते. आज ते सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येते. १९१० साली त्याला कुंडल रोड म्हणत, आणि स्थानकाबाहेर पाहण्यासारखे काही नव्हते. उघडा माळ, त्यावर माजलेला निवडुंग आणि निवडुंगात नाग, अशी त्या जागेची ख्याती होती. संस्थानाने जमीन देऊ केली तेव्हा आसपासच्या गावांत तिला मागणी नव्हती, यात नवल नाही.

किर्लोस्कर उद्योगसमूहाचा इतिहास आजवर अनेकांनी लिहिला आहे. नांगर, पंप, इंजिने, यंत्रे यांची वाढ त्यांत तपशीलवार आली आहे. या स्मरणिकेत मात्र गावाविषयी लिहायचे आहे. वाडी ही स्वतःच एक संस्था आहे. तिला घटना नव्हती, नोंदणी क्रमांक नव्हता, तरी तिचे काही नियम होते, काही हट्ट होते आणि ते चालवणारा एक माणूस होता. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर हा माणूस आधी चित्रकलेचा विद्यार्थी, मग मास्तर, मग सायकलींचा दुकानदार, मग लोखंडाचा कारागीर आणि सरतेशेवटी एका वसाहतीचा कारभारी झाला. वाडीच्या मांडणीत या प्रत्येक टप्प्याचा वाटा आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव भागातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत नाटकाचे आद्य शिल्पकार अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलानेही त्याच वाटेने जावे ही त्यांची स्वाभाविक इच्छा होती. पण लक्ष्मणचे मन चित्रांत आणि यंत्रांत रमे. वडिलांच्या मनाविरुद्ध, पण भावाच्या आर्थिक आधारावर, तो १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाला. दोन वर्षांतच कळले की काही रंग त्याच्या डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायचे स्वप्न तिथेच संपले. त्याने यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास धरला. त्यात रंगाचे काम नसते, पण रेषा चुकून चालत नाही. याच विषयाच्या बळावर त्यांना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली.

वर्ग सुटला की ते कारखान्यांत जात. मुंबईत तेव्हा गिरण्या होत्या, रेल्वेची दुरुस्तीची ठिकाणे होती, ओतशाळा होत्या. हात काळे करून घ्यायला मास्तर लाजत नव्हता. त्या काळच्या पांढरपेशा घरातल्या पदवीधर-अपदवीधर तरुणांना हे जमणारे नव्हते. हातोडा, कानस, भट्टी ही कामे ज्यांच्या वाट्याला जातीने आली होती त्यांनीच ती करावीत, अशी समजूत घट्ट होती. लक्ष्मणरावांनी ती मोडली ती भाषण करून नव्हे. ते कामालाच लागले. पुढे वाडीत माणसांची पारख करताना त्यांनी जात किंवा प्रमाणपत्र विचारले नाही, याचे मूळ मला या मुंबईच्या वर्षांत दिसते.

१८८८ साली त्यांनी पहिल्यांदा एका माणसाला सायकल चालवताना पाहिले. भाऊ रामूअण्णा बेळगावात होते. दोघांनी मिळून तिथे सायकलींचे दुकान काढले आणि त्याला ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव दिले. सायकल तेव्हा सातशे ते हजार रुपयांना पडे. मध्यमवर्गीय नोकरदाराला वर्षभराच्या पगारातही ती परवडली नसती. गिऱ्हाईक म्हणजे अधिकारी, वकील, जहागीरदार. विकलेली सायकल चालवायला शिकवायचेही हे दुकान पंधरा रुपये घेई. धंद्याचे पहिले शिक्षण इथे मिळाले. वस्तू विकली की संबंध संपत नाही, ती वापरायला शिकवावी लागते, मोडली तर दुरुस्त करून द्यावी लागते, हे सायकलीच्या दुकानाने शिकवले. ते नांगराच्या वेळी उपयोगी पडले.

इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा ती लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. पुन्हा कुणाची नोकरी केली नाही.

बेळगावात त्यांनी छोटी कर्मशाळा थाटली. आधी कडबा कापायचे यंत्र बनवले, मग नांगर. पहिला लोखंडी नांगर १९०३ साली तयार झाला आणि विकायला दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण शेतकऱ्याच्या अडाणीपणाची गोष्ट म्हणून ती नेहमी सांगितली जाते. लोखंडाने जमीन विषारी होते, असे शेतकरी म्हणत, हे खरे आहे. पण त्या म्हणण्याच्या मागे एक व्यवस्था उभी होती. लाकडी नांगर गावचा सुतार करी. त्याच्या फाळाला गावचा लोहार धार लावून देई. दोघांना बलुत्याचे धान्य मिळे. नांगर मोडला तर रात्रीत दुरुस्त होई आणि रोख पैसा लागत नसे. लोखंडी नांगर घ्यायचा म्हणजे आधी रोकड मोजायची. त्यातून तो ऐन हंगामात मोडला तर त्याचा सुटा भाग कुठून आणायचा? बेळगावच्या कर्मशाळेवर विसंबून बैलजोडी उभी ठेवायची? शेतकऱ्याची शंका विषाच्या रूपाने बोलली जात होती, तिचा गाभा मात्र व्यवहाराचा होता, असे मला वाटते. आणि लक्ष्मणरावांनी उत्तर दिले तेही व्यवहाराचेच. नांगर विकायचा तर फाळ आणि सुटे भाग सहज मिळाले पाहिजेत, एकसारखे बनले पाहिजेत, म्हणजे जुना काढून नवा बसवता येईल. हे साधायला चांगली ओतशाळा हवी, कच्चे लोखंड आणि कोळसा स्वस्तात यायला हवा आणि तयार माल दूरवर जायला हवा. रेल्वेलगतची जागा त्यांना पुढे का मोलाची वाटली, ते यावरून कळते.

नांगर चालला तो जमिनीच्या गरजेने. दख्खनच्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा मुरला की लाकडी नांगराने तो हटत नाही. लाकडी नांगर जमीन ओरखडतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि ढेकूळ उलथून टाकतो, मुळे उन्हात वाळतात. चार-सहा बैल जुंपावे लागले तरी चालेल, पण पडीक पडलेले रान पुन्हा पिकाखाली येते, हे एका शेतात दिसले की शेजारचा शेतकरी विचारायला येई. जाहिरातीपेक्षा बांधावरच्या या बोलण्याने नांगर खपला.

धंदा मार्गी लागतो आहे असे वाटत असतानाच बेळगाव नगरपालिकेला कर्मशाळेची जागा नव्या वस्तीसाठी हवी झाली. जागा सोडा असा हुकूम आला. चाळिशीतला माणूस, पदरी कुटुंब, कारागीर आणि अवजड यंत्रे, आणि जायचे कुठे याचा पत्ता नाही. त्या सुमारास लक्ष्मणरावांकडे औंधच्या देवळाच्या सभामंडपाचे काम होते आणि त्यामुळे संस्थानाशी संबंध जुळला होता. औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजे बाळासाहेब, नोव्हेंबर १९०९ मध्ये गादीवर आले होते. बाळासाहेब स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि कारागिरीची कदर असणारे राजे होते. त्यांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात बोलावले, कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जागा दाखवली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले.

औंध हे तसे लहान संस्थान. सातारा जिल्ह्यापासून विजापुरापर्यंत विखुरलेल्या तुकड्यांचे मिळून बहात्तर गावांचे राज्य. मोठ्या संस्थानिकांनी मोटारी आणि राजवाड्यांवर खर्च केला त्या काळात या छोट्या राजाने एका उद्योजकावर पैसे लावले. पुढे ओगलेवाडीचा काच कारखानाही याच संस्थानाच्या आश्रयाने वाढला आणि त्याचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला. बाळासाहेबांचे नाव वाडीच्या इतिहासात लक्ष्मणरावांच्या बरोबरीने घेतले पाहिजे. दहा हजारांची ती रक्कम आणि मुख्य म्हणजे तिच्यामागचा विश्वास नसता, तर हे गाव नसते.

१० मार्च १९१० ही वाडीची जन्मतारीख. लक्ष्मणरावांसोबत पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे आली. भर उन्हाळ्याच्या तोंडावर निवडुंग तोडायचा, साप मारायचे, यंत्रे बसवायची, भट्टी पेटवायची आणि त्याच वेळी राहायला घरे बांधायची, असे दुहेरी काम होते. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि त्यांच्यासारख्या बायकांनी त्या पहिल्या वर्षात कसे संसार केले असतील, याची कल्पनाच केलेली बरी. बाजार नाही, नातेवाईक नाहीत, अंगणात नाग निघण्याची धास्ती. थोरला मुलगा शंतनू तेव्हा सात वर्षांचाही नव्हता. मोठेपणी त्याने लिहिलेल्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावात निवडुंग आला तो उगीच नाही.

दुसरा एखादा कारखानदार असता तर त्याने आधी कारखाना नीट चालवला असता आणि नफा झाल्यावर कामगारांच्या घरांकडे पाहिले असते. कामगार झोपड्या बांधून कसेबसे राहतातच, मुंबईत गिरणीभोवती राहत होतेच. लक्ष्मणरावांनी हा क्रम मानला नाही. मुंबईतल्या चाळी त्यांनी वर्षानुवर्षे पाहिल्या होत्या. अंधाऱ्या खोलीत रात्र काढून आलेला माणूस सकाळी ओतकामाचा साचा काळजीने भरेल, ही अपेक्षाच चुकीची, असे ते धरून चालले. म्हणून घरे, रस्ते, पाणी, सांडपाणी, झाडे, शाळा यांचा विचार यंत्रांच्या बरोबरीने झाला. बेळगावचे दुकान सांभाळणारे रामूअण्णा इथे वसाहतीचे व्यवस्थापक झाले. स्वच्छता, बागा, पुरवठा ही कामे त्यांनी घरच्या माणसाच्या जिव्हाळ्याने आणि मालकाच्या शिस्तीने पाहिली. कॉलरा आणि प्लेग दर काही वर्षांनी गावे ओस पाडत होते असा तो काळ. स्वच्छ पाणी आणि उघडे न साचणारे सांडपाणी यांचा अर्थ तेव्हा जीव वाचणे असा होता.

माणसे कोणती जमली तेही पाहण्याजोगे आहे. शंभूराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे ही वाडीच्या पहिल्या पिढीतली नावे. शाळेच्या परीक्षेने ज्यांना नापास ठरवले होते असे लोक इथे यंत्रांचे जाणकार झाले, जो कारकुनी करत होता तो व्यवस्थेचा आधार झाला. लक्ष्मणराव माणसाला काम देत आणि त्याच्या हाताकडे बघत. हाताला कळते आहे असे दिसले की त्याच्यावर मोठी जबाबदारी टाकत. चुकला तर साहित्य वाया जाई, ते नुकसान सोसत. गरीब कारखान्याला हे परवडणारे नव्हते, तरी त्यांनी तेच धोरण ठेवले आणि त्यातूनच वाडीचे अभियंते तयार झाले.

त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर तुरुंगवास भोगून आलेली माणसे नेमली. या गोष्टीकडे आज कौतुकाने पाहिले जाते. तेव्हा ती वेडेपणाची वाटली असणार. कारखान्यात लोखंड, पितळ, हत्यारे, पगाराची रोकड. त्याची किल्ली ज्याच्या हाती द्यायची तो गुन्ह्यात शिक्षा भोगलेला. सरकारचा कायदा त्या काळी काही जमातींना जन्मजात गुन्हेगार मानत होता, त्यांना हजेऱ्या लावत होता. लक्ष्मणरावांनी त्याच समाजातल्या माणसांच्या हाती कंदील आणि काठी देऊन सारी वाडी सोपवली. पुढे १९३९ साली याच औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली आणि तिच्यावरून व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला. त्याची पटकथा त्याच परिसरातल्या ग. दि. माडगूळकरांची. स्वतंत्रपुराची कीर्ती जगभर गेली. त्याच्या कितीतरी वर्षे आधी वाडीच्या पहारेकऱ्यांनी ही गोष्ट गाजावाजा न करता सिद्ध केली होती, याची नोंद या निमित्ताने व्हावी.

अस्पृश्यतेबाबतही वाडीने आपल्या हद्दीत वेगळी वाट धरली. कारखान्यात आणि वस्तीत शिवाशीव पाळायची नाही, असे लक्ष्मणरावांनी ठरवले आणि पाळून घेतले. कुंडल, पलूस, आसपासची गावे त्या वेळी जातीच्या भिंतींनी जशी विभागलेली होती, ते ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयाचे वजन कळते. ओतशाळेत तापलेला रस साच्यात ओतताना दोघांनी पावले जुळवून चालावे लागते. तिथे सोवळ्याला जागा नाही. लक्ष्मणरावांनी हा कारखान्याचा नियम घराच्या दारापर्यंत आणला.

पहिल्या महायुद्धाने वाडीची कसोटी पाहिली. विलायतेहून येणारे कच्चे लोखंड मिळेना, दगडी कोळसा मिळेना, रंग मिळेना. भट्टी बंद पडली असती तर पंचवीस कुटुंबांची पुढे झालेली शेकड्यांची वस्ती उठली असती. लक्ष्मणरावांनी लाकडी कोळशावर भट्टी चालवून पाहिली. लोखंडासाठी ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडे गेले आणि गडांवर पडून असलेल्या, ऐतिहासिक मोल नसलेल्या जुन्या तोफा मागून घेतल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. शाहू महाराज आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधी या दोन राजांचे राजकारण आणि समाजकारण एकमेकांहून पुष्कळ वेगळे होते. वाडीच्या बाबतीत मात्र दोघांचाही हात मदतीचाच राहिला.

युद्ध संपल्यावर परदेशी मालाची चढाओढ पुन्हा सुरू झाली, पण तोवर वाडीच्या नांगराला दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गिऱ्हाईक पक्के झाले होते. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्सची मर्यादित कंपनी झाली. भुईमूग फोडण्याची यंत्रे, उसाचे चरक, पंप अशी मालाची यादी वाढत गेली. शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून १९२६ साली पदवी घेऊन परतले, आणि त्याच वर्षी कंपनीने सेंट्रिफ्यूगल पंप बनवला. पुढे हरिहर, बंगळूर, पुणे असे समूहाचे विस्तार झाले. ते सारे अन्यत्र वाचायला मिळते, म्हणून इथे थांबतो.

१९२० सालीच वाडीतून दुसरी एक वस्तू बाहेर पडू लागली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शंवा, चित्रकलेचे शिक्षण घेऊन वाडीत आले होते. पंडित सातवळेकरांकडे ते लाहोरला शिकले होते. कंपनीच्या जाहिरातीचे काम पाहता पाहता त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढले. आरंभी ते गिऱ्हाइकांना आणि हितचिंतकांना वाटायचे पत्रक होते. नांगर कसा वापरावा, पंप कसा जपावा, असे त्यातले विषय. थोड्याच वर्षांत ते मराठी मध्यमवर्गाचे विचारपत्र झाले आणि ‘किर्लोस्कर’ या नावाने ओळखले जाऊ लागले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ सुरू झाले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये आले. ‘गोट्या’चे लेखक ना. धों. ताम्हनकर याच मासिकांच्या परिवारातले. पुण्या-मुंबईत छापखान्यांची गर्दी असताना, अंधश्रद्धा, स्त्रियांचे शिक्षण, विवाह, आरोग्य यांवरची चर्चा एका माळावरच्या वसाहतीतून महाराष्ट्रभर जात होती. ‘स्त्री’चा अंक टपालाने घरी येणे ही अनेक गृहिणींच्या आयुष्यातली मोठी गोष्ट होती. गाव लहान होते, पण त्याचा पत्ता महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात माहीत होता, तो नांगराइतकाच या मासिकांमुळे.

आता वाडीच्या मर्यादेविषयीही लिहिले पाहिजे. स्मरणिकेत केवळ गोडवे गाण्याची पद्धत आहे, पण लक्ष्मणराव ओतकामातला पोकळपणा झाकू देत नसत आणि त्यांच्यावर लिहितानाही तो झाकू नये. वाडी हे मालकाचे गाव होते. घर कंपनीचे, काम कंपनीचे, व्यवस्थापक मालकाचा भाऊ. मालक दिलदार आणि न्यायी होता म्हणून कारभार चांगला चालला. पण घर आणि नोकरी एकाच हातात असली की मोकळेपणाने नाही म्हणणे कामगाराला सोपे नसते. १९३९ साली औंधच्या राजाने गांधीजींच्या सल्ल्याने आपले अधिकार प्रजेला देणारी राज्यघटना स्वीकारली आणि गावोगाव पंचायतींना सत्ता मिळाली. राजाने गादीवरून इतके पुढचे पाऊल टाकल्यावर कारखानदारांच्या वसाहतींपुढेही अधिकार वाटून देण्याचा प्रश्न उभा राहणे अटळ होते.

स्वातंत्र्याची चळवळ या भागात फार जवळून गेली. शेजारचे कुंडल हे क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारचे मोठे केंद्र. १० सप्टेंबर १९४२ रोजी इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात हुतात्मा झालेले उमाशंकर पंड्या हे किर्लोस्करांच्या कारखान्यातले अभियंते होते. वाडीच्या माणसांनी केवळ यंत्रेच घडवली असे कुणी म्हणू नये.

आणि मग फेब्रुवारी १९४८. गांधीजींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि मालमत्तेवर हल्ले झाले. त्या वणव्यातून वाडी सुटली नाही. जमाव आला आणि कारखान्याला आग लावली गेली. ज्या वसाहतीने जात उंबऱ्याबाहेर ठेवली होती, तिच्यावर मालकाच्या जातीमुळे हल्ला व्हावा, हे दुःख मोठे आहे. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. या घटनेचा अर्थ लावताना जमावाला दोष देऊन थांबता येत नाही, असे मला वाटते. वाडीने आपल्या हद्दीत जे साधले होते ते हद्दीबाहेरच्या गावांत पोचलेले नव्हते. भोवतालच्या शेतकऱ्याला वाडीचा नांगर ठाऊक होता, तिथे नांदणारी समता त्याच्या अनुभवात आलेली नव्हती. जळालेला कारखाना पुन्हा उभा राहिला. कामगार परत भट्टीवर आले, हीही त्याच इतिहासातली नोंद आहे, आणि ती आगीच्या नोंदीइतक्याच ठळक अक्षरांत लिहावी.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. टिळकांपासून राजगोपालाचारींपर्यंत अनेकांनी त्यांच्या कामाचे कौतुक केले होते. जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. वाडीतला कारखाना आजही पंप बनवतो आणि स्थानकाला वाडीचेच नाव आहे.

एका दुकानदार-कारागिराने गाव वसवल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडी. गावे राजाने वसवली, देवस्थानाभोवती वाढली, बाजारपेठेने फुगली. वाडीसारखे, कामाच्या प्रतिष्ठेवर उभे केलेले गाव त्यांत वेगळे दिसते. लक्ष्मणराव मोठे यांत्रिक होतेच, पण माझ्या मते त्यांची सर्वांत टिकाऊ रचना हे गाव आहे. नांगराचे नमुने बदलले, पंपांचे बदलले. नापास ठरलेल्या मुलाला शिकवून अभियंता करता येते, शिक्षा भोगलेल्या माणसाकडे किल्ल्या देता येतात, हे वाडीने दाखवून दिले त्यात बदलण्यासारखे काही नव्हते.

वाचकांना एक विनंती. वाडीच्या पहिल्या पन्नास वर्षांतली कागदपत्रे घराघरांत विखुरलेली आहेत. मालाच्या जुन्या किंमतयाद्या, पगाराच्या चिठ्ठ्या, शाळेतले व नाटकांचे फोटो, ‘किर्लोस्कर खबर’चे सुटे अंक, आजीने लिहून ठेवलेली पत्रे, यांतले काहीही आपल्याकडे असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नये. फोटोच्या मागे माणसांची नावे लिहून ठेवावीत, विशेषतः ओतशाळेतल्या कामगारांची आणि पहारेकऱ्यांची, कारण मालकांची नावे पुस्तकांत आली आहेत, त्यांची आलेली नाहीत. मूळ कागद देणे शक्य नसेल तर त्याची प्रत जवळच्या ग्रंथालयात द्यावी. त्या वेळची माणसे सांगायला आता फारशी उरलेली नाहीत, म्हणून हे काम या वर्षीच व्हावे.